गुरुवारचा ग्लास

माझ्या मोठ्या जावेचं नाव सुशीला. तिच्याबद्दल चार शब्द चांगले लिहायचे असं ठरवून बसले आहे, पण आधीच सांगून टाकते, सव्वीस वर्षं मी या बाईला पाण्यात पाहिलं आहे. ती समोर आली की माझ्या पोटात दुखतं. आणि ती नसली की जास्त दुखतं, कारण मग आमच्या घरात तिचं कौतुक चालू असतं.

दिसायला काही विशेष नाही. ठेंगणी, पुढचे दोन दात जरासे बाहेर, केसांचा सुपारीएवढा अंबाडा, आणि अंगावर धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी. मी अकोल्याची. आमच्या माहेरी सुती साडीला खळ न लावता नेसणं म्हणजे केस न विंचरता दारात उभं राहणं. वहिनीची साडी मात्र कायम अंगाला चिकटून लोंबत असते. सगळे तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही वहिनी म्हणते. ती मला नावाने हाक मारते, आणि ‘पद्मिनी’ इतक्या प्रेमाने म्हणते की राग धरायलाही जागा सापडत नाही. याचाही मला राग येतो.

माझे मिस्टर निरंजन सात वर्षांचे असताना वहिनी लग्न होऊन रायपुरात आली. सासू आधीच गेलेली. थोरले दीर नरहरी राइस मिलमध्ये फिटर होते, पुढे शहराबाहेर उरल्याला कारखान्यात लागले आणि तिथेच बीरगांवात दोन खोल्यांचं घर झालं. तिला स्वतःला मूल झालं नाही. निरंजन हेच तिचं मूल. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा वीस दिवस ती उशाशी बसून होती, ही गोष्ट मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकली आणि त्यानंतर दर दिवाळीला ऐकते. नरहरी भाऊजी पंच्याऐंशी साली गेले. शेवटचा महिनाभर नाकात नळी होती. निरंजन तेव्हा चोवीस वर्षांचे, बेकार. वहिनीने शेगावच्या महाराजांना नवस बोलला की या पोराला सरकारी नोकरी लागू दे, जन्मभर माझ्या घरात गुरुवारी तांदूळ शिजणार नाही. वर्षाच्या आत नोकरी लागली. म्हणजे बघा, ज्या पगारावर मी संसार केला, तोही तिच्याच नवसाचा!

बरं, नवस फेडणं तरी सोपं असावं? तर भाऊजींच्या मागे वहिनी कारखान्यातल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायला लागली. छत्तीसगढी माणूस, भाताशिवाय त्याचं जेवण होत नाही. दर गुरुवारी डब्यात दोन पोळ्या जास्त आणि भात गायब. कामगार कुरकुरतात, “दाई, भात नइ हे का?” त्यांची दाई, म्हणजे आई, म्हणते, “आज गुरुवार हाय बेटा.” काहींनी डबा सोडला. वहिनीने गुरुवार सोडला नाही. सबंध बीरगांवाला तिचा गुरुवार माहीत आहे.

आता मागच्या वर्षीच्या एप्रिलातली गोष्ट. त्याच्या आधीच मंत्रालय नव्या रायपूरला गेलं होतं आणि निरंजन रोज ऑफिसच्या बसने जात होते. आम्ही तेलीबांध्याला फ्लॅट घेतला होता, बाल्कनीत कोपऱ्यात उभं राहून मान वाकडी केली की तलाव दिसतो. एका रविवारी मी त्यांना सदर बाजारात पाठवलं. सराफाकडे माझं मंगळसूत्र दुरुस्तीला दिलं होतं, ते आणायला. येताना एका मोटारसायकलवाल्याने कट मारला आणि ते स्कूटरवरून तोंडावर पडले. मंगळसूत्र खिशात शाबूत होतं. खालचा जबडा दोन जागी मोडला होता.

डॉक्टरांनी दात तारेने बांधून टाकले. सहा आठवडे चावायचं नाही, तोंड उघडायचं नाही, जे काय घ्यायचं ते स्ट्रॉने. बोलायला जावं तर कळ यायची, म्हणून राधिकाची लहानपणची पाटी माळ्यावरून काढून दिली. राधिका आमची मुलगी, पुण्यात नोकरीला. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आमचं असंच चालतं.

“मम्मी, पापा को स्मूदी दो,” ती फोनवर म्हणाली. “फल कोई भी लो, लेकिन बेस सोच के चुनना. सब बेस पे है.”

“बेस म्हणजे?”

“अरे, जिस लिक्विड में घुमाओगी वो. दूध, दही, नारियल पानी, कुछ भी.”

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! ज्या बाईने सव्वीस वर्षं या माणसाला पुरणपोळ्यांपासून पाटवड्यांपर्यंत सगळं खाऊ घातलं, तिला फळं कशात घुसळायची ते कळू नये?

नाही कळलं. दुधात केळं फिरवलं, तर दूध नुसतं तोंडात फिरलं की त्यांना मळमळायचं. दात बांधलेल्या माणसाला उलटी झाली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे दूध पहिल्याच दिवशी बंद. दही घातलं तर त्याच्या कण्या स्ट्रॉमध्ये अडकायच्या आणि ओढून ओढून बिचाऱ्यांचे गाल दुखायचे. ताक बरं, पातळ, पण तारांनी आतून गाल सोलले होते, त्यावर ताक म्हणजे जखमेवर मीठच. नारळपाणी गोडमिट्ट लागलं, आणि त्यात पपई खाली बसून वर पाणी तरंगायचं. राधिकाने सांगितलं म्हणून बदामाच्या दुधाचा डबाही आणला. त्यांनी एक घोट घेतला आणि पाटीवर लिहिलं, “भुसा.”

दर वेळी ग्लास अर्धा परत यायचा. दर शुक्रवारी दवाखान्यात वजन. पडले तेव्हा साठ किलोचे होते. पहिल्या शुक्रवारी सत्तावन्न, दुसऱ्या शुक्रवारी पंचावन्न.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी आली. शेअर ऑटो बदलत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली स्टीलची बरणी मांडीवर धरून. मी दार उघडलं तर म्हणाली, “थोडं करून आणलं त्याच्यासाठी. पाह्य बरं पिते काय.”

निरंजननी स्ट्रॉ लावली आणि ग्लास संपवला. थांबले नाहीत, डोळे उघडले नाहीत, तळाशी स्ट्रॉ खुरखुर वाजेपर्यंत ओढत राहिले. मग बरणीकडे बोट दाखवलं. दुसरा ग्लासही गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा चार घोट जास्त प्याला तर बायकोने आनंदाने नाचायला हवं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि आधीच धुतलेली भांडी पुन्हा घासली.

“काय घालता हो वहिनी यात?” शेवटी विचारलंच.

ती पदराशी चाळा करत म्हणाली, “पपई, केळं, भाजल्या चण्याचं पीठ. अन्‌ नारळपाणी.”

नारळपाणी! तेच माझ्या हातचं त्यांना गोडमिट्ट लागलं होतं. मी दुसऱ्या दिवशी हेच सगळं, याच क्रमाने, नारळपाण्यात फिरवून दिलं. अर्धा ग्लास परत. म्हणजे प्रश्न पाण्याचा नव्हताच, हाताचा होता. माझा हात आणि तिचा हात. हे मला जितकं लागलं, तितकं सव्वीस वर्षांत काही लागलं नव्हतं.

रोज अकराला घंटी वाजायची आणि निरंजन गादीवर सरसावून बसायचे. माझा ग्लास आला की ते औषध घेतल्यासारखं घ्यायचे, मला वाईट वाटू नये म्हणून चार घोट जास्त ओढायचे. तो समजूतदारपणा तर मला नकोच होता. पडल्या दिवशी मंगळसूत्राची गोष्ट वहिनीला कळली होती, त्यावर ती एक शब्दही बोलली नव्हती. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

एकच दिवस माझा होता, गुरुवार. पहिल्या गुरुवारी वहिनीचाही ग्लास अर्धा परत आला. मला इतकं बरं वाटलं की मी तिला आग्रहाने साबुदाण्याची उसळ वाढली, वर लिंबू पिळून. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, चला, हिच्याही हाताची जादू रोज चालत नाही तर! नवरा उपाशी राहिला याचा आनंद झालेली बायको तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या.

पण गुरुवारच्या मागे शुक्रवार असतो. तिसऱ्या शुक्रवारी साडेचोपन्न, चौथ्या शुक्रवारी चोपन्न आणि वर थोडंसं. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी चोपन्नच्या खाली आलं तर भरती करावं लागेल. नाकातून नळी घालू.”

घरी आल्यावर निरंजननी पाटी बाजूला सारली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नरहरी भाऊजींच्या नाकातली नळी त्यांनीच महिनाभर धरली होती. रात्रभर हाताने सावरून धरायचे, ओढली जाऊ नये म्हणून. मला ते लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही.

बुधवारी दुपारी राधिकाचा फोन आला. मी सगळं सांगितलं आणि राहवलं नाही म्हणून वर जोडलं, “तुझ्या बडी मम्मीचं एवढं कौतुक करतेस ना, दर गुरुवारी तिचाही ग्लास तसाच परत येतो.”

“सिर्फ गुरुवार को?” ती म्हणाली. “तो गुरुवार को वो अलग क्या करती हैं?”

“करायचं काय? नेहमीचंच. उपास. गुरुवारी तिच्याकडे फक्त भात—”

आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. राधिका पलीकडून हॅलो हॅलो करत होती.

शेजारच्या विनोदिनीला निरंजनजवळ बसवलं आणि ऑटो करून बीरगांवला गेले. चार वाजले होते. वहिनीच्या घराचं दार सताड उघडं, आत संध्याकाळच्या डब्यांची घाई. चुलीसमोर बसून ती मोठा गंज दोन्ही हातांनी तिरका धरून होती. गंजाच्या तोंडावर ताटली, ताटलीवर फडकं, आणि कडेने पांढरं, दाटसर, वाफाळतं पाणी खालच्या पातेल्यात पडत होतं. भाताची पेज. इकडचे लोक तिला पसिया म्हणतात आणि मीठ घालून पितात.

मला पाहून तिने गंज खाली ठेवला. पातेलं लपवायला गेली, पण एवढं मोठं पातेलं लपवणार कुठे?

“हे नारळपाणी काय, वहिनी?”

तिने पदराला हात पुसले.

“मले काहून नाही सांगितलं?” मी घरात सहसा असं बोलत नाही, पण रागात माहेर तोंडातून बाहेर येतंच. “मी तिकडे दूध, दही, बदाम, दुनियाभरचं आणून राहिली, अन्‌ तुम्ही मले खोटं सांगून राहिल्या?”

“तूच मनली होती न माय,” ती हळू आवाजात म्हणाली. “खळ हाय मनून.”

तेव्हा मला आठवलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. आंदणात आलेल्या नव्याकोऱ्या कुकरमध्ये मी भात लावत होते आणि निरंजन मागे येऊन म्हणाले, कुकर नको लावू, गंजात कर, पसिया निघेल, मला आवडतो. मी अकोल्याची, ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे भात सणावाराला, आणि पेज निघाली तर साड्यांना नाहीतर गाईला. मी वहिनीसमोरच हसत सुटले. म्हटलं, “खळ पिता तुम्ही? ही साडीला लावायची असते. माणसं पीत नाहीत.” निरंजनही हसले. त्यानंतर सव्वीस वर्षांत त्यांनी पसियाचं नाव काढलं नाही. मला वाटलं होतं, विसरले.

“टायफॉइडात वीस दिवस यावरच काढले त्याने,” वहिनी सांगत होती. “मी पह्यल्या दिवशी बरणी आणली न, तवाच त्यानं पाटीवर लिवलं. पद्मिनीले सांगू नको, तिले वाईट वाटन. मी मनलं हव, नाई सांगत.”

म्हणजे मी दार उघडून आत वळले, स्ट्रॉ आणायला गेले, तेवढ्यात हे झालं. माझ्याच घरात, राधिकाच्या पाटीवर, त्या दोघांनी मला सांभाळून घेतलं. इतकी वर्षं हेच चालू असेल. मला रडू आलं, आणि ते सगळं पश्चात्तापाचं होतं असं मी म्हणणार नाही. निम्मं जळण्याचंच होतं. त्यांचं गुपित होतं आणि त्यात मी नव्हते.

वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. “आदल्या दिवशीचा पसिया ठेवून पाह्यला गुरुवारसाठी. या गर्मीत आंबते, त्याच्या तोंडाले झोंबन. मंग खरंच नारळपाणी घातलं तर पिल्लं नाई त्यानं.” मग म्हणाली, “मी ठरवलं हाय आता. उद्या भात चढवते. महाराज माफ करतीन. त्याच्यासाठीच त बोलली होती नवस, त्याच्यासाठीच मोडते.”

अठ्ठावीस वर्षांचा नेम ही बाई मोडणार होती. भाताविना डबे सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी मोडला नाही, तो माझ्या नवऱ्यासाठी. आणि मग ती गोष्टही दर दिवाळीला ऐकायची!

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “उद्याचा भात मी शिजवते.”

वहिनीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी तिचा नेम राखते आहे. शेजारपाजारच्या बायकांनाही तिने पुढे तसंच सांगितलं, आमच्या पद्मिनीने माझा गुरुवार राखला म्हणून. खरं सांगू? मला तो ग्लास पाहिजे होता.

तिने मला एक लहान गंज दिला, कारण माझ्या घरी तीन कुकर आणि पेज काढायला एकही धड भांडं नव्हतं. जाडे, नवे तांदूळ दिले. जुना बासमती चालत नाही म्हणाली, त्याची पेज पाण्यासारखी. तांदळाच्या पाचपट पाणी, दोन बोटांत शीत मोडलं की लगेच निथळायचं, पार शिजू द्यायचं नाही. “अन्‌ त्याले सांगजो, तूच केलं मनून,” दारापर्यंत येऊन ती म्हणाली. “मी उद्या येत नाई.”

गुरुवारी सकाळी गंज तिरका करताना ताटली घसरली आणि माझ्या मनगटावर वाफ आली. भाताचा अर्धा गोळा मोरीत गेला. पण पातेल्यात पेज आली, दाट, बोटाला गुळगुळीत लागणारी. कोमट होऊ दिली. मिक्सरमध्ये पपई, अर्धं केळं, चण्याचं पीठ, मीठ, वर ही पेज. फिरवून फडक्यातून गाळली. कुठे कणी नाही, कुठे पाणी वेगळं नाही. सुती साडीला हात लावावा तशी मी त्या ग्लासाला हात लावून पाहिला.

अकरा वाजले. निरंजन दाराकडे बघत होते. घंटी वाजली नाही. मी ग्लास घेऊन आत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं आलं, चार घोट जास्त घ्यायची तयारी. माझ्या हातचा ग्लास म्हटल्यावर तोंडानेच ठरवून टाकलेलं असतं, अर्ध्यावर थांबायचं. आणि उद्या शुक्रवार. चोपन्न किलो आणि वर थोडंसं.

मी म्हणणार होते, मी केलं आहे. सकाळपासून तेच घोकत होते. मनगट भाजलेलं दाखवणार होते.

“वहिनीनं पाठवलं,” मी म्हटलं. “कामगारांपैकी कुणी देऊन गेलं.”

ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, माझं मला माहीत. त्यांनी स्ट्रॉ लावली. पहिला घोट घेतला आणि थांबले. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओढायला लागले. तळाशी स्ट्रॉ खुरखुर वाजली. मी धावत जाऊन दुसरा ग्लास आणला, तोही गेला. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिले, रिकामा ग्लास मांडीवर धरून. नवरा प्याला याचा आनंद खरा होता. आणि हा आनंदही तिच्याच नावावर लागला, हेही खरं होतं.

निरंजननी पाटी ओढली. बराच वेळ लिहीत होते. मग माझ्याकडे वळवली.

“आज गुरुवार आहे.”

खाली दुसरी ओळ होती. “मीठ जरा जास्त झालं.”

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, भाजलेल्या जागेच्या जरा वर, दुखणार नाही असं, आणि सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वजन चोपन्न किलो आठशे भरलं. नळीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही, आणि महिन्याअखेर तारा निघाल्या. आता आमच्याकडे कुकर माळ्यावर आहे आणि दुपारचा भात गंजात होतो. माझ्या साड्याही मऊ पडल्या आहेत, कारण खळीला पेज उरत नाही. म्हणून वहिनीवरचं माझं जळणं संपलं असं कुणी समजू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अजूनही तिची बरणी आली की मी आधी झाकण उघडून वास घेते.

त्या गुरुवारी दुपारी तिचा फोन आला होता. सकाळपासून उपाशी, जीव टांगलेला.

“पिल्ला काय गं?”

“प्याले. दोन ग्लास.”

“काई मनला?”

पाटी माझ्या समोरच होती. दोन्ही ओळी अजून पुसल्या नव्हत्या.

“काही नाही,” मी म्हटलं.

सगळंच तिचं काहून असावं?